काउन्सेलरच्या खोलीत पोरं जात नाहीत, मग जीएफएमने काय करायचं?

सर, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. इंजिनिअरिंग कॉलेज, तुम्ही सेकंड इयरच्या वीस-बावीस मुलांचे जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे त्या मुलांकडे पालकासारखं लक्ष द्यायला नेमलेला शिक्षक), कॉलेजने काउन्सेलर नेमलीय ती आठवड्यातून दोन दिवस बसते पण तिच्याकडे कुणी फिरकत नाही, मागच्या सेमला दुसऱ्या ब्रँचच्या एका मुलाने जीव दिला आणि तेव्हापासून कुठलाही पोरगा चार दिवस दिसला नाही की तुमच्या पोटात गोळा येतो. मी काही मानसशास्त्र शिकलेलो नाही, तर मी नेमकं काय करू आणि काय करू नये, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं कॉलेजांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतेय, आधी पुण्यात आणि आता मराठवाड्यात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पोरं काउन्सेलरच्या खोलीत जात नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण हे की त्यांना आपला प्रॉब्लेम मानसिक वाटतच नाही. त्यांच्या लेखी प्रॉब्लेम हा असतो की एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) निघत नाहीये, फीचा दुसरा हप्ता भरायचा राहिलाय, रूमवरच्या पोरांशी पटत नाही, रात्री तीन-चारपर्यंत झोप लागत नाही आणि मग सकाळचं लेक्चर जातं, घरून फोन आला की उचलावासा वाटत नाही. "मन लागत नाही", "डोकं चालत नाही", "करमत नाही", "नुसतं धडधडतं" ही त्यांची भाषा. डिप्रेशन वगैरे शब्द रील्समध्ये ऐकलेले असतात पण ते आपल्याला लागू होतात असं गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावाहून आलेल्या पोराला वाटत नाही, आणि वाटलं तरी त्या खोलीत जाताना कुणी बघितलं तर अख्ख्या होस्टेलला कळणार ही भीती असतेच. अनेक कॉलेजांत ती खोली प्रिन्सिपॉलच्या केबिनला लागून असते, हे तर मला अजिबातच पटत नाही. पण तोच मुलगा तुमच्याकडे येतो, सबमिशनची मुदत वाढवून मागायला, मेडिकल सर्टिफिकेट द्यायला, फॉर्मवर सही घ्यायला. म्हणजे दार तुमच्याकडेच आहे, आणि माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात जी पोरं वेळेत माझ्यापर्यंत पोचली त्यातली बहुतेक कुणा ना कुणा शिक्षकाने, लॅब असिस्टंटने, रेक्टरने किंवा रूममेटने हाताला धरून आणलेली होती, पोस्टर बघून आलेली फार थोडी. तेव्हा तुम्ही मानसशास्त्र शिकलेले नाहीत ही अडचण धरू नका. तुमचं काम निदान करणं हे नाहीच, तुमचं काम आधी लक्षात येणं, विचारणं आणि पोचवणं एवढं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे.

हे वय मुळातच नाजूक आहे हेही माहीत असू द्या. मानसिक आजारांवरच्या मोठ्या सर्वेक्षणांत दिसलेलं आहे की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी साधारण तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियासारखे मोठे आजारही पुष्कळदा विशीच्या आसपास पहिल्यांदा डोकं वर काढतात. म्हणजे जो काळ पोरगं आईबापापासून लांब, मेसच्या जेवणावर, कॉट बेसिसवर काढतं, नेमका तोच. आणि आपल्या राज्याची परिस्थिती सांगायची तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात सर्वात जास्त, १,७६४, महाराष्ट्रात. हा आकडा तुम्हाला घाबरवायला देत नाहीये, प्रिन्सिपॉलसमोर बोलताना लागेल म्हणून देतेय.

आता लक्ष कुठे ठेवायचं. तुमच्याकडे सगळ्यात चांगलं साधन आधीच आहे, डिफॉल्टर लिस्ट. ७५ टक्के हजेरीच्या खाली गेलेल्यांची ती यादी नोटीस बोर्डावर लावायच्या आधी एकदा शांतपणे मागच्या महिन्याच्या यादीशेजारी ठेवून वाचा. जो पहिल्यापासूनच लेक्चरला बसत नाही, कॅन्टीनला असतो, क्रिकेट खेळतो, त्याची फार काळजी नको. जो पहिले दोन महिने पुढच्या बाकावर होता आणि ऑक्टोबरात गायब झाला, त्याची काळजी करा. बघायचा असतो तो बदल. बडबडा पोरगा गप्प झाला, नीटनेटकी मुलगी तेच कपडे घालून यायला लागली, व्हायवाला आला पण तोंड उघडलं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला, मेसला येणं बंद झालं, वजन उतरलं, हातापायावर जखमा आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. याच्या उलटही असतं बरं का, म्हणजे रात्र रात्र जागूनही थकवा नाही, एकदम स्टार्टअप काढतो, कॉलेज सोडतो म्हणतो, पैसे उधळतो, बोलणं थांबतच नाही. याला पोरं "फुल्ल जोशात आहे" म्हणतात, पण तो उन्माद असू शकतो आणि त्याला तातडीने मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आणि "माझ्याविरुद्ध होस्टेलमध्ये कट चाललाय, माझा मोबाइल हॅक केलाय" असं कुणी पक्क्या खात्रीने सांगायला लागला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला पटवायला जाऊ नका, "तुला खूप भीती वाटत असणार" एवढं म्हणा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर.

काही काळ जास्त जोखमीचे. पहिल्या सेमचे पहिले दोन महिने. दिवाळीला घरी जाऊन परत आल्यानंतरचे दिवस. रिझल्टचा दिवस आणि त्यानंतरचा आठवडा, खासकरून वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणं) लागलेल्यांचा. फायनल इयरला प्लेसमेंटचा सीझन, जेव्हा रूममधल्या चौघांपैकी तिघांच्या हातात ऑफर लेटर असतं. आणि एक गट असा आहे ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं. ती तुमच्याच वर्गात आहेत म्हणून मुद्दाम सांगते. ॲडमिशनच्या राउंड्स लांबल्याने ती उशिरा येतात, तोवर वर्गात ग्रुप पडलेले असतात, फर्स्ट इयरचं गणित यांनी केलेलं नसतं आणि समोर एकदम एम-थ्री. डिप्लोमाला ८५-९० टक्के घेतलेला, गावात ज्याचं फ्लेक्सवर अभिनंदन झालंय असा पोरगा पहिल्याच सेमला तीन विषयांत अडकतो आणि हे घरी सांगायला त्याच्याकडे शब्दच नसतात. मराठी माध्यमातून आलेल्यांचं तसंच, पोरांना विषय कळत असतो पण इंग्रजीतून उत्तर देताना वर्ग हसेल म्हणून हात वर करत नाहीत, आणि मग हळूहळू मागच्या बाकावर, मग वर्गाबाहेर. या मुलांची यादी सेमच्या पहिल्याच आठवड्यात काढा आणि प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला, काहीही झालेलं नसताना बोला, म्हणजे काही झाल्यावर बोलणं सोपं जातं.

बोलायचं कसं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे म्हणून यावर जरा जास्त लिहिते. स्टाफरूममध्ये इतर सर-मॅडमसमोर नको. रिकामी लॅब, कॉरिडॉरचं टोक, ग्राउंडला चक्कर मारत, कुठेही चालेल जिथे तिसरं माणूस ऐकत नाही (मुलगी असेल तर दार उघडं ठेवा किंवा एखाद्या मॅडमना जवळपास असू द्या, दोघांच्याही दृष्टीने बरं). सुरुवात जे तुम्हाला दिसलं त्याने करायची. "अरे, दोन आठवडे झाले तू प्रॅक्टिकलला नाहीस, आधी कधी चुकवायचा नाहीस. बरं आहे ना सगळं?" तो म्हणणार, "हो सर, ठीक आहे." हे उत्तर शंभरातले नव्वद देतात. तिथेच थांबायचं नाही. "ठीक असेल तर छानच, पण मला तसं वाटत नाहीये. झोप होते का? जेवतोस का दोन वेळ?" झोप आणि जेवण हे असे प्रश्न आहेत की त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं, त्यामुळे पोरं खरं सांगतात. "झोप नाही लागत सर" हे वाक्य आलं की समजा दार किलकिलं झालं. मग गप्प बसा. हे शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं कारण आपल्याला उत्तर द्यायची सवय, पण खरंच गप्प बसा, अर्धा मिनिट शांततेत गेलं तरी चालतं.

काय बोलायचं नाही तेही सांगते. "आमच्या वेळी तर आम्ही सायकलवर दहा किलोमीटर..." नको. "तुझ्या आईवडिलांनी किती कष्ट घेतलेत याचा विचार कर" हे तर कधीच नको, कारण तो तोच विचार करत रात्रभर जागा असतो, आपण ओझं आहोत ही भावना त्याला आतून खात असते आणि तुमच्या वाक्याने तिच्यावर शिक्का बसतो. "पॉझिटिव्ह विचार कर", "मेडिटेशन कर", "एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन घेतो" याने बोलणं बंद होतं, एवढंच होतं. मोटिव्हेशनल स्पीकर बोलवून हॉलमध्ये सातशे पोरं बसवली की कॉलेजला काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण त्या हॉलमधला खरा त्रासातला मुलगा बाहेर पडताना एवढंच घेऊन जातो की बाकी सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. त्याच पैशात काउन्सेलरचे दिवस वाढवा असं मी दरवेळी सांगते.

आता तो प्रश्न, जो विचारायला सगळे घाबरतात. पोरगा म्हणाला, "काही अर्थ नाही सर कशात", "मी नसलो तर बरं होईल सगळ्यांचं", किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, जुन्या भांडणांची माफी मागत फिरायला लागला, तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" याच शब्दांत. "काही उलटंसुलटं तर करणार नाहीस ना?" असं विचारलं की तो "नाही सर" म्हणून मोकळा होतो कारण तुम्हाला 'नाही' हवंय हे त्याला कळतं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो अशी लोकांची समजूत आहे, ती खोटी आहे, यावर अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. मी हा प्रश्न विचारल्यावर रडायला लागलेली मुलं खूप पाहिलीत, रागावलेलं क्वचितच कुणी.

उत्तर 'हो' आलं तर घाबरून जाऊ नका, चेहरा शांत ठेवा आणि अजून तीन गोष्टी विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, कधी ते ठरवलंय का, आणि आधी कधी प्रयत्न केलाय का. विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, असं असेल तर त्याच दिवशी काउन्सेलरशी गाठ घालून द्या. ठरवलेलं असेल, किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, टॉयलेटला गेला तरी कुणीतरी बाहेर उभं राहायचं, आणि थेट हॉस्पिटल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, मेडिकल कॉलेज जवळ असेल तर तिथेही. रात्रीची वेळ असेल, काय करावं सुचत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर मुलांनाच द्यायचा असतो असं नाही, तुम्ही स्वतः "माझ्यासमोर असा एक विद्यार्थी बसलाय, मी काय करू" म्हणून लावू शकता. आणि मला माझ्या विद्यार्थ्यांकडून समजलंय की होस्टेलच्या दाराच्या मागच्या बाजूला, जिथे एकट्याला वाचता येतं, तिथे लावलेला नंबर जास्त वाचला जातो. नोटीस बोर्डासमोर उभं राहून कोण तो नंबर टिपून घेणार?

"सर, कुणाला सांगू नका" असं तो म्हणेलच. खोटं वचन देऊ नका. असं म्हणा: "तू सांगितलेलं मी वर्गात, स्टाफरूममध्ये कुठेही बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर एक-दोन माणसांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." पोरं हे मान्य करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही हेच आहे, कलम २३ नुसार उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती सांगता येते. अजून एक भीती असते, पोलिस केस होईल, करिअर संपेल. याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध झालं नाही तर, धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही, शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं ती नोंद वेगळी, तिला घाबरून कुणी उपचाराला उशीर करू नये. हे रेक्टर आणि वॉर्डनला आधीच समजावून ठेवा, कारण रात्री दोन वाजता हा वाद घालायला वेळ नसतो.

पालकांना फोन करायचा तर मुलाला सांगून करा, जमलं तर त्याच्यासमोर. आणि आधी त्यालाच विचारा, घरात कुणाशी बोलू? पुष्कळदा ते वडील नसतात, मोठी बहीण असते, मामा असतो, एखादा शिकलेला चुलतभाऊ असतो. "तुमच्या मुलाला डिप्रेशन आलंय" असं फोनवर सांगितलं तर समोरून "त्याला काय कमी केलंय आम्ही?" असं येतं, आणि ते रागापेक्षा भीतीने जास्त येतं. त्याऐवजी सांगा, "दादा, मुलगा हुशार आहे, चांगला आहे, सध्या त्याची तब्येत बरी नाही, झोप नाही, जेवण नाही, डॉक्टरांना दाखवतोय, तुम्ही एकदा येऊन जा. आल्यावर परीक्षेबद्दल काही विचारू नका, फक्त त्याच्यासोबत राहा." पालक आले की त्यांना चहा द्या, बसवा, त्यांचंही ऐका, बसचा प्रवास करून आलेली ती माणसं आधीच अर्धी खचलेली असतात. मुलगा घरी जाणार असेल तर शेतीची फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या काही महिने कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं याने जीव वाचतात, आणि हे सांगायला संकोच करू नका. एक अपवाद लक्षात ठेवा, त्रास घरातूनच असेल, मारहाण, लग्नाची जबरदस्ती, मुलगा किंवा मुलगी समलिंगी असल्याचं घरी कळेल ही भीती, तर घाईने घरी फोन करण्याने धोका वाढतो. तिथे आधी काउन्सेलरशी बोला.

औषधांबद्दल दोन शब्द, कारण पोरं तुम्हालाच विचारतील. "गोळ्यांची सवय लागते" ही सगळ्यात पसरलेली समजूत. डिप्रेशनवर सहसा ज्या गोळ्या देतात, एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन वगैरे, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. पण त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो, त्यामुळे आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून पोरं सोडून देतात, आणि बरं वाटलं की दोन महिन्यांत स्वतःच बंद करतात, ही दोन्ही वळणं सांभाळायची असतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे त्या काळात रूममेटला, घरच्यांना विश्वासात घ्या आणि काही वाटलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या मात्र, अल्प्राझोलामसारख्या, त्यांची सवय लागू शकते, त्या थोड्याच दिवसांसाठी आणि डॉक्टर सांगतील तेवढ्याच. मित्राच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या होस्टेलमध्ये फिरतात, त्याकडे काणाडोळा करू नका. खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालय त्यात येतं. पहिल्यांदा जाताना सोबत जा किंवा कुणाला तरी पाठवा, ओपीडीच्या रांगेत एकटा उभा राहिलेला पोरगा अर्ध्यातून परत येतो.

आता ज्याला कुणी मानसिक आरोग्य म्हणत नाही पण माझ्या दृष्टीने निम्मं काम जिथे आहे ते पैशांचं. स्कॉलरशिप वेळेवर आली नाही, मेसवाल्याने डबा बंद केला, घरमालकाने सामान बाहेर काढतो म्हटलं, आणि सोयाबीनला भाव नाही त्यामुळे घरी मागता येत नाही, अशा मुलाला मी श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार आहे? त्याला महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा) अर्ज कुठे अडकलाय ते बघणारं माणूस पाहिजे. तुमच्या स्टुडंट सेक्शनमधल्या क्लार्कशी दोस्ती करा, तो खरंच खूप मोठा माणूस असतो या कामात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी होस्टेल मिळालं नसेल तर स्वाधार योजना, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, हे सगळं आहे, पण पोरांना अर्धं माहीत नसतं आणि तारखा निघून जातात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, तरी कॉलेज आधी भरायला सांगतं अशा तक्रारी मुली माझ्याकडे आणतात, तिथे तुमच्यासारखा एक शिक्षक ऑफिसात उभा राहिला तर काम होतं. कमवा आणि शिका योजना तुमच्याकडे असेल तर त्यात कमीपणा नाही हे तुम्ही वर्गात उघड बोला, पुण्यात विद्यापीठात हजारो मुलं तशीच शिकलीत.

दुसरं निम्मं म्हणजे अभ्यासाचं गणित. चार बॅकलॉग असलेल्या मुलाला सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. त्याच्यासोबत कागद घेऊन बसा: कुठले विषय या सेमला द्यायचे, कुठले पुढे ढकलायचे, पुढच्या वर्षाला जायला किती क्रेडिट लागतात, वायडी लागलाच तर त्या वर्षात काय करायचं. तासाभराचं काम आहे, पण ते केल्यावर पोराच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो कधी कधी माझ्या चार सेशननी पडत नाही. टर्म वर्क आणि सबमिशन अडवून ठेवणं हे हत्यार काही जण वापरतात, तुमच्या डिपार्टमेंटला ते होत असेल तर एचओडींशी बोला. आजारी मुलाला मुदत वाढवून देणं म्हणजे लाड नाहीत, पाय मोडलेल्याला आपण देतोच ना.

जातीबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. रँक विचारणं, स्कॉलरशिपवरून टोमणे, "तुमचं काय बाबा, सीट फिक्स", रूम पार्टनर बदलून मागणं, हे सगळं मस्करीच्या नावाखाली चालतं आणि ज्याला ऐकावं लागतं तो माझ्याकडे येऊन म्हणतो "माझाच स्वभाव हळवा आहे". त्याचा स्वभाव हळवा नसतो, त्याचा अपमान झालेला असतो. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने जातीय छळाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर जीव दिला, त्यानंतर त्यांच्या आई आणि २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई या दोघींनी मिळून कॉलेजांमधल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अशा मुलाला समुपदेशन हवंच, पण त्यासोबत तक्रार नोंदवणं, एससी-एसटी सेल आणि रॅगिंगविरोधी समिती कामाला लावणं हेही उपचारच आहेत. रॅगिंगसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते.

मागच्या सेमच्या त्या मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत पण मला ती लागली. कॉलेजने बहुधा विषय मिटवला असणार, "अफवा पसरवू नका" अशी नोटीस आणि तिसऱ्या दिवशी लेक्चर्स चालू. अजूनही उशीर झालेला नाही. त्याचे रूममेट, प्रोजेक्ट ग्रुप, गावाकडचे मित्र, एखादी मैत्रीण, ज्यांनी त्याला शेवटचं पाहिलं ते, यांना एकेकाला भेटा. त्यांच्यात "मी तेव्हा फोन उचलला असता तर" हे चालू असतं आणि अशा मृत्यूनंतर जवळच्यांमध्ये धोका वाढतो. वर्गात बोलायचं तर थोडक्यात आणि खरं बोला, तो गेला, आपल्याला दुःख झालंय, कारण एकच कधी नसतं, ज्यांना त्रास होतोय त्यांनी या माणसाशी बोला. कसं केलं याचा तपशील नको, "कमजोर होता" नको आणि "सुटला बिचारा" तर अजिबात नको. तो राहायचा ती खोली लगेच दुसऱ्या कुणाला देऊ नका, आणि तो गेला ती तारीख दरवर्षीसाठी तुमच्या कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा, त्या आठवड्यात ही मुलं पुन्हा हलतात.

आणि तुमचं स्वतःचं, सर. पोरगं दिसलं नाही की पोटात गोळा येणं हे साहजिक आहे, पण बावीस मुलांचा जीव एकट्याने डोक्यावर घेऊन तुम्ही वर्षभर टिकणार नाही. रात्री अकरानंतर तुमचा फोन बंद राहू शकतो, तसं मुलांना सांगा आणि त्या वेळेसाठी १४४१६ आणि रेक्टरचा नंबर द्या. काउन्सेलरसोबत दर पंधरा दिवसांनी अर्धा तास ठरवून घ्या, मुलांची नावं न घेता सुद्धा "असं असं आहे, काय करू" विचारता येतं, आणि तिलाही वर्गात काय चाललंय ते कळतं. तिला एखाद्या दिवशी तुमच्या लॅबमध्ये बोलवा, नुसतं बसू द्या, ओळख होऊ द्या, बघा मग दोन-चार पोरं आपोआप जातात की नाही. कुणाला पाठवायचं असेल तेव्हा "जा, भेटून ये" म्हणू नका, तुम्ही स्वतः त्याच्यासोबत त्या दारापर्यंत चालत जा, ओळख करून द्या आणि मग निघा. आणि दुसऱ्या दिवशी विचारा, "कसं वाटलं?"

प्रिन्सिपॉलकडे जाल तेव्हा हात हलवत जाऊ नका. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्यात, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा आहे आणि सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. दोन-अडीच हजार मुलांच्या कॉलेजला आठवड्याचे दोन दिवस पुरत नाहीत हे याच्या आधारे बोलता येईल. माझं मत विचाराल तर या क्रमाने मागा: काउन्सेलरची खोली ऑफिसपासून हलवून लायब्ररीच्या बाजूला, तिचे दिवस दोनाचे चार, सगळ्या जीएफएम, रेक्टर आणि सिक्युरिटीवाल्यांचं एक प्रशिक्षण याच सेमला, आणि रात्री काही झालं तर कुणाची गाडी, कुठलं हॉस्पिटल, कोण सोबत जाणार हे एका कागदावर लिहून होस्टेलच्या गेटवर. शेवटच्याला एक रुपया लागत नाही, तेवढं तर याच आठवड्यात होऊ शकतं.